मुन्नीबाईची बुटकी गेडी

"मोडायची नाही म्हंजे नाही!"

"माय, आज नारबोद हाये. साऱ्या गावच्या गेड्या शिवंवर जाऊन राहिल्या, आन आपलीच तेवढी घरात ठेवता?"

"ठेवीन. माह्यं घर हाये."

"आन ताप-खोकला आला तं? दरसाली तुमीच तं पोट्ट्यायच्या मांगं काठी घेऊन फिरता, गेडी घरात राहिली तं पीडा राहते म्हनून!"

"थे पोट्ट्यायच्या गेड्या. हे शामकलाची हाये."

"पीडा का नाव पुसून घरात येते?"

"तू कायले सकाळपासून माह्या तोंडाले लागून राहिली वो मुन्नी? चूल पेटव जाय!"

"चूल पेटली. भात झाला. आता गेडी द्या."

शांतीबाई दारातच फतकल मारून बसल्या होत्या. मांडीवर बांबूचे दोन दांडे आडवे घेतलेले, जसं काही कालच जन्मलेलं लेकरू. समोर आंगणात, कमरेवर हात ठेवून उभी त्यांची मोठी सून मुन्नीबाई. आणि छपरीतल्या खाटेवर, पाय हलवत, या सगळ्या भांडणाचं कारण बसलं होतं. शांतीबाईंची नात, धाकट्या मनीरामची पोरगी, शामकला. वय वर्षं सहा. ती आजीकडे पाही, मग मोठीमायकडे, म्हणजे मुन्नीबाईकडे, मग पुन्हा आजीकडे. डाव कोणाच्या बाजूला झुकतोय हे तिच्याइतकं गावात कोणालाच चटकन कळत नसे.

गेडी म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. दोन लांब बांबू, त्यांना गुडघाभर उंचीवर पाय ठेवायला आडवे तुकडे बांधलेले. जिवतीच्या अमावास्येला गेड्या निघतात आणि श्रावणभर पोरं त्यांच्यावर चढून चिखलातून करकर करत हिंडतात. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नारबोद. त्या सकाळी सगळ्या गेड्या गावाच्या शिवेवर न्यायच्या, मोडायच्या, आणि गावातली सगळी रोगराई त्यांच्यासोबत हाकलून द्यायची. मोडायच्या म्हणजे मोडायच्याच. त्यात सूट नाही. ही सूट नसलेली रीत गावात कोणी राखली असेल, तर ती शांतीबाईंनी. आणि त्याच आज गेडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गंमत अशी, की महिन्यापूर्वी हेच भांडण झालं होतं, याच दारात, याच दोघींमध्ये. फक्त तेव्हा गेडी हवी होती मुन्नीबाईला, आणि नको म्हणत होत्या शांतीबाई.

मुन्नीबाईचं सांगायचं, तर ती या घरात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. सालेकशाच्या रानाकडची पवारांची पोर. बैलगाडीतून उतरली तेव्हा पदराच्या गाठीत खेळायचे गोटे बांधलेले. सासूबाईंनी गाठ पाहिली, त्यांना वाटलं माहेरून काही दिलंय. सोडून बघतात तर नदीतले गुळगुळीत दगड.

"हे का वो?"

"गोटे. तुमाले खेळता येते का?"

नव्या नवरीने सासूला विचारलेला तो पहिला प्रश्न. शांतीबाईंना खेळता येत होते, पण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुनेला पाण्याला धाडलं. बराच वेळ झाला तरी सून येईना. शांतीबाई पाहायला गेल्या तर घागर विहिरीवर आणि सून चिंचेवर. खाली पोरांचं रिंगण, वर डाबडुबलीचा, म्हणजे सूरपारंब्यांचा, डाव रंगलेला.

"उतर खाली!"

"आधी राज्य कोनावर हाये थे सांगा, मंग उतरते!"

नवरा भैय्यालाल तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्यासोबत ती परसात विटीदांडू खेळे. तिने टोलवलेली एक विटी त्याच्या कपाळावर बसली, तिची खूण पुढे जन्मभर राहिली. कोणी विचारलं तर भैय्यालाल म्हणे, "बैलानं मारलं." यावर मुन्नीबाई आतून ओरडे, "बैल घरातच हाये, चारा टाकजा!" भैय्यालाल मिश्या पुसत हसे. तो बोले कमी, पण बायकोच्या बोलण्याला हसायचं त्याने कधी चुकवलं नाही.

त्यांना मूल झालं नाही. देवधर्म झाला, वैदू झाला, मग विषय हळूहळू बोलण्यातून गेला. पण संध्याकाळी मुन्नीबाई धानाच्या बांधीतून परत आली, की पायाचा चिखल धुण्याआधी ओट्यावर पोरांची रांग. आज काय खेळायचं? आणि इथे मुन्नीबाईची एक खोड होती. पोरगं मागेल तो खेळ ती कधी देत नसे. भैय्यालाल म्हणायचा, ही वैदूसारखी वागते. शेजारचा गुलाबचंद हाताने फटकन मारायचा. त्याच्या हाती तिने गोटे दिले. "रागानं झेलून दाखव," म्हणाली. रागाने गोटे झेलता येत नाहीत. एक वरचा गेला की खालचे सगळे सांडतात. आठवडाभर सांडून सांडून गुलाबचंदचा हात मऊ झाला. छोटेलाल दहाच्या पुढे मोजताना घाबरायचा; त्याला तिने चिंचोके घेऊन चंगाष्ट्याच्या पटावर बसवलं. जिंकायचं असेल तर मोजावंच लागे. लाजऱ्या पोरीवर ती आवर्जून राज्य आणी, म्हणजे सगळ्यांच्या मागे तिला धावावंच लागे, ओरडावंच लागे. हे ती कुठे शिकली? कुठेच नाही. स्वतः आयुष्यभर खेळत राहिली, एवढंच.

आणि अशा बाईच्या घरात शामकला होती, जी काहीच खेळत नव्हती.

शामकला दीड वर्षाची असताना तुरुतुरु चालायची. तिसऱ्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला, आणि पावसाळाभर ती अंथरुणातून उठली नाही. शांतीबाईंनी नागऱ्याच्या महादेवाला जाऊन पिंडीवर डोकं टेकवलं आणि नवस बोलल्या, पोरगी वाचली तर सात वर्षांची होईपर्यंत तिचे पाय मातीला लागू देणार नाही. महादेवाने ऐकलं. पोरगी वाचली. मग शांतीबाईंनीही शब्द पाळला, असा पाळला की विचारू नका. खाटेवरून बापाच्या खांद्यावर, बापाच्या खांद्यावरून बैलगाडीत, गाडीतून आजीच्या कडेवर. मनीराम बांधीत जाई तो पोरीला मानेवर बसवून. आई निर्मला धान रोवण्याच्या गडबडीत एकदा म्हणाली, "घरात तरी उतरवा, सारवलेलं हाये," तर शांतीबाई म्हणाल्या, "सारवन का शेनाचंच हाये? माती नाही त्यात?" पोरीचे पाय बारीकच राहिले. ते बारीक, म्हणून तिला उचलायचं; उचलायचं, म्हणून ते बारीक.

पण जीभ मात्र चांगलीच वाढली होती. खाटेवर बसून शामकला गल्लीतल्या सगळ्या खेळांचा न्याय करी. लगोरीत कोणाला चेंडू लागला, डाबडुबलीत काठी कोणी आधी गाठली, सगळं तिला दिसे.

"छोटेलाल बाद!"

"मी कोठं बाद? लागलाच नाही!"

"कोपराले लागला. चोळून राहिला तू आता. बाद!"

पोरं निमूट बाजूला होत. तिच्या शब्दावर कोणी भांडत नसे, कारण ती कोणाच्याच बाजूची नव्हती.

मग या वर्षीच्या, म्हणजे एकोणीसशे अडतीस सालच्या जिवतीला, पोरं गेड्यांवर चढून दारावरून करकर करत गेली, आणि शामकलाने मुन्नीबाईच्या पदराला हिसका दिला.

"मोठीमाय."

"का वो?"

"मी कवा बाद होईन?"

मुन्नीबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं. बाद व्हायला आधी डावात असावं लागतं. हे त्या पोरीने स्वतःच शोधून काढलं होतं, खाटेवर बसून.

त्याच दुपारी शांतीबाई दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. मुन्नीबाई शेजारी येऊन बसली.

"माय, तुमी महादेवाले का बोलल्या होत्या?"

"का म्हंजे? सात वर्साची होवतवर पोरीचे पाय मातीले लागू देनार नाही."

"मातीले."

"मातीले."

"बांबूले लागले तं चालते?"

सूप थांबलं.

"म्हंजे?"

"गेडीवर. पाय जमिनीहून वरच राहतेत. मनीरामबाबूच्या खांद्यावर वर राहतेत, तसेच. फक्त हा खांदा बांबूचा."

"मुन्नी, तू देवाले फसवून राहिली."

"म्या कोठं? तुमी महादेवाले बांबूचं काई बोलल्या होत्या का?"

"नाही बोलली. पन..."

"मंग झालं. नाही तं महादेवच येऊन सांगन का, बांबू नाही चालत म्हनून."

"तिच्यानं खाटेपासून भिंतीलोक जावत नाही! गेडीवर चढन थे? मरन ना पोरगी!"

"पडली तं मी हाये."

"तू हायेस म्हनून तं भेव लागते!"

भांडण सांजेपर्यंत चाललं. शेवटी शांतीबाईंकडे देवाच्या बाजूने बोलायला काही उरलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाय, गाय बांध." घरात सगळ्यांना कळलं, होकार मिळाला.

मुन्नीबाईने गेडी स्वतः केली. बेटातून हलके, सरळ बांबू काढले. पाय ठेवायचे तुकडे गुडघाभर नव्हे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बांधले. पोरं हसून लोळायला लागली.

"हे गेडी हाये का पाट?"

"बुटकी गेडी! बुटकी गेडी!"

खाटेवरून हुकूम सुटला, "हसनारा बाद!"

पहिले दिवस आंगणातले. मुन्नीबाई दोन्ही बांबू समोरून धरून उलटी चाले, शामकला त्यावर उभी. पाय नव्या वासरासारखे लटपटायचे. पोरगी रडे, ओरडे, चिडली की शिव्याही देई.

"शिव्या दे, पन पाय उचल."

"दुखते!"

"दुखू दे. आतापर्यंत त्यायले काई कामच नव्हतं, म्हनून रुसले."

आणि तिला खरी झोंबत होती ती एक गोष्ट. बाकीच्यांच्या गेड्या वाजत. पाय ठेवायच्या तुकड्याच्या दोरीवर मातीतेलाचे, म्हणजे रॉकेलचे, थेंब सोडले, की वजन पडताच दोरी करकर बोलते; ज्याची गेडी जोरात बोले तो गल्लीचा राजा. शामकलाची मुकी.

"मोठीमाय, माह्यी वाजत काऊन नाही?"

"वाजाले जोर लागते."

"मातीतेल टाक."

"टाकलं ना. तेलानं अर्धं वाजते, अर्धं पायानं."

त्यानंतर शामकलाने रडणं सोडलं. सकाळी डोळे उघडले की, "गेडी आन." दात घासायच्या आधी ती पाय रोवून दाबे, कान लावून ऐके, पुन्हा दाबे. कोणी सांगितलं असतं, बाई, पायात ताकद यावी म्हणून रोज एवढा व्यायाम कर, तर तिने त्याला तिथल्या तिथे बाद केलं असतं. पण दोरीला बोलकं करायचं होतं. ते काम तिचं स्वतःचं होतं.

एका उघडीप पडलेल्या दुपारी आंगणातून आवाज आला. कर्र.

शांतीबाई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या. "का वाजलं?"

"मी वाजली!" शामकला म्हणाली. आणि पुन्हा वाजवून दाखवलं.

मग गल्ली. पोरीच्या बाजूने चालायचं म्हणून मुन्नीबाई स्वतःच्या उंच गेडीवर चढली, लुगड्याचा काचा मारून. घरची मोठी सून भर दिवसा गेडीवर! पारावर बसलेल्या म्हाताऱ्या यादोरावांनी चिलीम बाजूला ठेवली.

"भैय्यालालची बायको हाये का शिंदीचं झाड?"

"दोनी!" वरून उत्तर आलं.

डोक्यावरचा पदर तसूभर सरकलेला नव्हता, हे मात्र यादोरावांनी त्या दिवशी चार जणांना कौतुकाने सांगितलं.

आणि मग, व्हायचं ते झालं. डबक्याच्या काठाने वळताना बुटकी गेडी घसरली. शामकला चिखलात धप्पकन बसली. मुन्नीबाईने वरून उडी टाकली आणि पहिलं काम केलं ते पोरीचे दोन्ही घोटे हवेत धरण्याचं. तेवढ्यात गुलाबचंदच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाद! शामकला बाद!"

शामकलाच्या केसांतून चिखल ओघळत होता. ती आधी गुलाबचंदकडे पाहत राहिली. मग तिला समजलं.

"बाद झाली! मोठीमाय, मी बाद झाली!"

ती इतकी हसली की उचकी लागली. पोरं हसली, पारावरचे हसले. शांतीबाई ओरडत धावत आल्या, "पाय लागले का वो? पाय लागले का मातीले?"

"नाही माय," घोटे तसेच वर धरून मुन्नीबाई म्हणाली, "पाय सोडून सारं लागलं."

शांतीबाईंनी वाकून दोन्ही तळवे निरखले. कोरडे. "महादेवा, तूच पाह्य बाप्पा या बाईकडं," असं म्हणत त्यांनी पोरीला न्हाऊ घातलं, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

पोळ्यापर्यंत शामकला साऱ्या गल्ल्या तुडवू लागली. करकर इतकी, की यादोरावांची झोपमोड होई. बुटक्या गेडीचे तुकडे दोनदा वर सरकवावे लागले, आता तिला कोणी बुटकी म्हणत नसे. मनीराम मोकळ्या खांद्यावरून सारखा हात फिरवी, काहीतरी विसरल्यासारखा.

मुन्नीबाईला मात्र एक गोष्ट खुपत होती. गेडीवरून उतरायची वेळ आली की शामकला हात वर करी, आणि कोणीतरी तिला तशीच उचलून खाटेवर ठेवी. पाय आता भक्कम होते. पोटऱ्या भरल्या होत्या. पण ते अजून जमिनीला ओळखत नव्हते. आधी बापाचा खांदा, आता बांबू. ही गेडी घरात राहिली, तर पोरगी अजून वर्षभर हवेतच राहील, आणि वर्षाने सवय मोडायला नवस फेडण्याहून जड जाईल.

म्हणून आता पुन्हा दारात या. नारबोदेची सकाळ. शिवेकडून पोरांचा गलका ऐकू येतोय, बांबू मोडल्याचे कडाड आवाज येताहेत. शांतीबाईंच्या मांडीवर गेडी.

"माय, द्या वो. साऱ्यायच्या मोडून होतील."

"होऊ दे."

"गेडीचं काम झालं. आता तिले चालू द्या."

"नवसाले अजून वरीस हाये!" शांतीबाईंचा आवाज एकदम फाटला. "तुले का वाटते, मले नाही समजत? मले नाही वाटत, पोरीनं धावावं? पन म्या शब्द देल्ला हाये. म्या तिले मरताना पाह्यली, मुन्नी. अंग असं निळं पडलं होतं. तवा कोनी आलं नाही, थोच आला. आता म्या शब्द फिरवला, आन त्यानं बी फिरवला तं?"

मुन्नीबाईचे कमरेवरचे हात खाली आले. ती सासूसमोर उकिडवी बसली.

"माय, त्यानं पोरीले वाचवली. कायले वाचवली? खाटेवर ठेवाले?"

"तुले नाही समजनार. आपल्या रक्ताचं लेकरू..." शांतीबाई बोलता बोलता थांबल्या. बोलणं अर्ध्यावरच राहिलं, पण ऐकणारीला पूर्ण ऐकू आलं.

शांतीबाई गेडीच्या दोरीची गाठ चाचपू लागल्या.

"माह्यं नसलं म्हनून का झालं," मुन्नीबाई म्हणाली, "तुमी मले नऊ वर्साची आनली. मी का तुमच्या रक्ताची होती? चिंचेवरून पडली तवा हळद कोनी लावली?"

"थे पाय तुटला असता म्हनून लावली," शांतीबाई डोळे पुसत पुटपुटल्या. "घरात काम कोनी केलं असतं?"

"मंग?"

"मंग का! तोंड पाह्यलं होतं का तू आपलं? चिंच खात खात रडून राहिली होती!"

मुन्नीबाई हसली. शांतीबाईंनाही हसू फुटलं, रडता रडताच, आणि त्या पदर शोधू लागल्या. गेडीवरचे हात सैल झाले.

तेवढ्यात खाट करकरली.

दोघींनी वळून पाहिलं. शामकला खाटेवरून उतरून छपरीच्या कडेला उभी होती, आपल्या पायांवर. ती आजीजवळ आली; सारवणातही माती आहे, हे आजीच्या त्या वेळी ध्यानातच आलं नाही. तिने आजीच्या मांडीवरचे दोन्ही बांबू उचलले, आणि डोक्यापेक्षा उंच असलेले ते दांडे कसेबसे खांद्यावर घेतले. मग आंगणात उतरायच्या पायरीवर येऊन ती थबकली. खाली रात्रीच्या पावसाचा चिखल.

मुन्नीबाईचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

शामकलाने उजवा पाय चिखलात टाकला. बोटांमधून गार चिखल वर आला, तसा तिने श्वास रोखला, बोटं हलवून पाहिली, आणि फिसकन हसली. मग डावा. एक हेलकावा आला, बांबू डुगडुगले, ती सावरली आणि फाटकाकडे निघाली.

"शामकला!" शांतीबाई उठून उभ्या राहिल्या. "आवो पोरी, पाय! कोठं चालली वो तू? महादेवाले आता मी का सांगू?"

शामकलाने मागे पाहिलं नाही. खांद्यावरच्या बांबूंनी कुंपणाचे काटे खरवडत ती फाटकाबाहेर पडली, आणि शिवेवरच्या पोरांच्या गलक्याच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली.